आपल्या गहिनीची गाडी

गहिनीनाथ लोको पायलट झाला तेव्हा गावाने त्याला फेटा बांधून सत्कार केला आणि त्याच दिवशी गावाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. गाव काष्टीच्या अलीकडचं, रेल्वेलाइनला खेटून. अलीकडे घरं, पलीकडे शेतं आणि बाजाराचा रस्ता, मध्ये फाटक. फाटक बंद होतं ते गाड्याघोड्यांसाठी, माणसांनी त्याखालून वाकून जायचं असतं, ही समजूत तर जुनीच होती. आता तिला भक्कम आधार मिळाला. इंजिनात आपला गहिनी बसलाय. तो काय आपल्याच माणसांवर गाडी घालतोय व्हय?

गहिनीनाथने पारावर बसून समजावून पाहिलं. "आरं, ती यष्टी न्हाई. ब्रेक मारला तरी अर्धा-पाऊण किलोमीटर जाती फुडं."

"तू मार तर खरं," सहादेवतात्या म्हणाले. "थांबती का न्हाई ते आमी बघतो की."

अर्धी चूक त्याची स्वतःचीच होती. ड्यूटी लागली की तो आईला फोन करून सांगायचा आणि मनकर्णाबाई ते गावभर करायची. गाडी गहिनीची आहे म्हटल्यावर एरवी दोन्हीकडे बघून लाइन ओलांडणाऱ्या बायासुद्धा त्या दिवशी मान वळवायची तसदी घेत नसत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट त्याने गावात कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्याच एका फाटकावर एक माणूस त्याच्या इंजिनाखाली आला होता. हातात मेथीची जुडी होती. शेवटच्या क्षणी त्याने वर पाहिलं होतं, सरळ गहिनीनाथच्या तोंडाकडे. खाली उतरून बघायचं, वर कळवायचं आणि गाडी पुढे न्यायची, हे सगळं त्याने नियमाप्रमाणे केलं. मग विश्रांतीसाठी तीन दिवस मिळाले. त्या तीन दिवसांत ते तोंड विसरायचं कसं, हे मात्र कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. तुझी काही चूक नाही, असं सगळे म्हणाले. ते खरंच होतं, पण तेवढ्याने झोप येत नव्हती. त्याच्या बायकोने, आरतीने, तेव्हापासून घरात मेथी आणली नाही.

आणि मग तो शनिवार आला. काष्टीचा बाजार होता. वळण संपलं आणि फाटक दिसलं तेव्हा लाइनच्या मधोमध दोन बाया उभ्या होत्या. चालत नव्हत्या, उभ्या होत्या. त्यातली हिरव्या लुगड्यातली हात वर करून इंजिनाकडे बोट दाखवत होती. ती आपली आई आहे हे त्याला ओळखू आलं. शेजारची छबूबाई. आई तिला आपला मुलगा दाखवत होती.

त्याने इमर्जन्सी ब्रेक मारला, हॉर्नवरचा हात उचललाच नाही. बाया इंजिनाच्या पुढून दिसेनाशा झाल्या. गाडी किंचाळत, घसटत किती तरी पुढे जाऊन थांबली. सहायक हर्षल उतरून मागे पळाला. ती आठ-दहा मिनिटं गहिनीनाथने कशी काढली ते त्याचं त्यालाच ठाऊक. छबूबाईने पदराला धरून ओढलं म्हणून आई वाचली होती, हातभर अंतराने.

दौंडला पोहोचल्यावर त्याने फोन लावला. आईचा आवाज आनंदाने फुटत होता.

"समद्या गावानं बघितलं रं! आईसाठी गाडी थांबीवली लेकानं! सहादेवतात्या म्हनलं, मी सांगत न्हवतो?"

म्हणजे इतकी वर्षं नुसती समजूत होती, तिला आता त्याने स्वतःच पुरावा दिला होता. पुढच्या शनिवारी अख्खं गाव लाइनवर उभं राहिलं असतं. मग तो जन्मात पहिल्यांदा आईशी धडधडीत खोटं बोलला.

"आई, माझी बदली झाली. आता त्या लाइनला मी न्हाई. बिहारकडचे नवीन ड्रायव्हर आलेत. ते कुणाला वळखत न्हाईत."

मनकर्णाबाईला वाईट वाटलं. गावालाही वाटलं. दोन पिढ्यांत कुठल्या पाटीला आणि कुठल्या साहेबाला जमलं नव्हतं ते त्या एका थापेने जमलं. पोरगा परका झाला आणि गाव शहाणं झालं.

दोन महिन्यांनी एका शनिवारी तो त्याच फाटकावरून गेला. दांड्याच्या पलीकडे माणसं गुमान उभी होती. सगळ्यांत पुढे पिशवी घेऊन आई. त्याने मान आत घेतली. इतकं बरं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं आणि इतकं वाईटही.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"आजचा डायवर लई माजोरी बग. पाक तिकडनं भोंगा वाजवीत आला. म्हातारं मानूस हुबं हाय, जरा हळू करंल म्हनलं, तर त्येनं बघितलंसुदिक न्हाई."

"पण तू फाटकाच्या अलीकडंच थांबली होतीस ना?"

"थांबले की! त्येला कुठं माया हाय?" मनकर्णाबाई तणतणली. "त्येच्या आईला जाऊन कुनी तरी इचारलं पायजे, कसलं लेकरू जल्माला घातलंस म्हनून."

"इचारतो," गहिनीनाथ म्हणाला.