खाटांचं टेबल कोणी अडवलं?

थोरल्या जावेचा जळफळाट असा, की त्यावर अख्ख्या दवाखान्याचं आंघोळीचं पाणी तापलं असतं. दोघी जावा एकाच दवाखान्याच्या संगणक-खोलीत कामाला. धाकटीला तिथे थोरलीनेच चिकटवलेलं. आज दुपारी प्रमुखाची खुर्ची ठरणार होती, आणि ती म्हणे धाकटीला! घरी सासूबाईही तिचेच गोडवे गायच्या.

धाकटीच्या कामात खोट काढायची म्हणून थोरलीने सकाळी डेटाबेसमधलं खाटांचं टेबल, म्हणजे खाटांच्या नोंदींचा तक्ता, उघडलं. सगळ्या खाटांचे क्रमांक चाचणीपुरते बदलायचे, चूक हाती लागली की बदल मागे घ्यायचा. तेवढ्यात अधीक्षक धाकटीचं कौतुक करतच आत आले. थोरली पाय आपटत चहाला गेली. बदल ना पक्का केला, ना मागे घेतला.

अर्ध्या तासात नोंदणीचा काउंटर ठप्प. एकही खाट नोंदवता येईना. रांग इतकी वाढली, की शेवटचा रुग्ण उभ्या उभ्या बरा होऊन घरी गेला.

"सर्व्हर बंद करून चालू करा!" अधीक्षक ओरडले.

"थांबा साहेब, बाकीच्या विभागांचं चालू काम जाईल," धाकटी म्हणाली. "बदल अर्धवट सोडून टेबल कोणी लॉक करून ठेवलंय, ते आधी बघू."

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "काल तूच त्यात हात घातला होतास ना गं? यादी काढ, आणि मोठ्याने वाच. साहेबांनाही कळू दे."

धाकटीने यादी काढली. एकेचाळीस कामं ताटकळलेली, आणि त्या सगळ्यांना अडवून एकच काम दहा वाजून बारा मिनिटांपासून नुसतं बसलेलं. त्याच्यापुढे संगणकाचा क्रमांक होता चार. थोरलीचा.

धाकटी वाचता वाचता थांबली. मग कानाशी येऊन म्हणाली, "जाऊबाई, तुमचा बदल तसाच राहिलाय. तुम्हीच मागे घ्या."

थोरलीने बदल मागे घेतला. एकेचाळीस कामं भराभर सुटली.

"कोण होतं?" अधीक्षकांनी विचारलं.

"चालायचंच, साहेब. एक काम अडकलं होतं, सुटलं," धाकटी म्हणाली.

म्हणजे हुशारी हिची, खुर्ची हिची, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच? थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली.

"मी होते, साहेब!" ती कडाडली. "हिच्या चुका शोधायला गेले होते. एक मेली सापडली नाही!"

खुर्ची धाकटीलाच मिळाली. पण थोरलीच्या खरेपणाचं कौतुक अधीक्षकांना आवरेना. पाऊण तास झाला तरी चालूच.

"एवढं काही नाही हं त्यात," धाकटी शेवटी तोंड वाकडं करून पुटपुटली, आणि थोरलीला कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आपली जाऊ आवडली.