पाहुण्यांचे फ्रॉक

काचेच्या कपाटातला फ्रॉक मीच दुरुस्त करून दिला होता. शिवणकाम माझ्या पोटाचा धंदा. जुन्या वसतिगृहशाळेचं संग्रहालय होत होतं, तिथल्यांनी बोलावलं, गेले. फ्रॉक साठ वर्षांपूर्वीचा, घडीवर तेवढा विरलेला, पण ना कोपरं झिजलेली, ना खालची दुमड उसवलेली. पोरीबाळींच्या अंगावरचा कपडा इतका शहाण्यासारखा वागत नाही. तेव्हाच संशय यायला हवा होता.

आई याच धर्मादाय वसतिगृहशाळेत वाढली. तिथलं ती घरात कधी बोलली नाही. म्हणून संग्रहालयाचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "उद्घाटनाला आजींना इथे खुर्चीत बसवू, कृतज्ञतेचे चार शब्द बोलतील," तेव्हा मी बावळट हो म्हणून बसले. वर आईला तालमीलाही घेऊन गेले.

आईच्या खुर्चीसमोरच्या फ्रॉकखाली पाटी होती: 'मुलींचा रोजचा पोशाख'.

"रोजचा?" आईने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "हा पाहुण्यांचा. असे बारा होते. आम्ही साठ जणी."

"मग बाकीच्यांचं काय?" मी विचारलं.

"अंगाने भरलेल्या बाराजणींना फ्रॉक. आम्ही काटक्या. पाहुणे आल्याची घंटा झाली की चपला हातात घेऊन धुण्याच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून उभ्या. देणगीदारांना हाडं दिसायला नकोत."

साहेब गोड हसले. त्या हसण्याला हात लावला असता तर बोटं चिकटली असती. "आजी, वय झालं की थोडं इकडचं तिकडे होतं."

"वय माझं झालंय, साहेब. फ्रॉककडे बघा, त्याचं झालंय का?"

साहेबांनी विषय बदलला. "आणि ही शाळेची मूळ घंटा!" म्हणत त्यांनी दोरी ओढली.

आई उठली. बँकेच्या मॅनेजरलाही 'थांबा जरा' म्हणणारी माझी आई. चपला काढून हातात घेतल्या, आवाज न करता बोळ ओलांडला आणि टोकाच्या खोलीत शिरली. त्या धुण्याच्या खोलीत आता माहितीपत्रकांचे गठ्ठे होते.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! जिवंत इतिहास! उद्घाटनाला अगदी असंच करायचं हं."

ताटात झुरळ निघावं आणि वाढणाऱ्याने वर चव विचारावी, तसं झालं. त्यातलं निम्मं झुरळ मीच वाढलं होतं.

खोलीत आई गठ्ठ्यांमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"मेले पाय," ती पुटपुटली. "मला न विचारताच निघाले."

"आई, चल घरी. चुकले मी."

"थांब."

तिने चपला घातल्या, परत येऊन खुर्चीत बसली. दोन्ही हात घट्ट धरले खुर्चीचे.

"वाजवा."

घंटा झाली. तिच्या टाचा उचलल्या गेल्या. मी खांद्यावर हात ठेवला.

"हात काढ गं. परत वाजवा."

या वेळी एकच टाच हलली. कपाळावर घाम फुटला होता, पण पदर लावायला तिने खुर्ची सोडली नाही. तिसऱ्यांदा टाचा जमिनीवरच राहिल्या.

साहेब गडबडले. "आजी, पण उद्घाटनाला घंटा झाली की उठायचंय हं. पत्रिकेत तसं छापून घेतोय."

"तुमच्या उद्घाटनाला येतंय कोण?" आई म्हणाली. "हे माझं चाललंय. वाजवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीकडे बोट दाखवलं.