झबलं शिवायचं नाही

मला कुणी विचारलं की उमसुनाई, यंदाच्या हिवाळ्यात काय केलंस, तर मी सांगेन, तुतकुच शिवले. कढई चुलीवरून उतरवताना हात भाजू नयेत म्हणून धरायचे ते जाड कापडी चौकोन, दोन-दोन एका नाडीला बांधलेले. एरवी माझ्याकडे एकच जोडी असते आणि ती जळून काळी होईपर्यंत मी दुसरी करत नाही. यंदा इतके झाले की भिंतीवरच्या खुंट्या संपल्या. मग पावाच्या पिशव्या झाल्या, मिठाची पिशवी झाली, झारे-उलथनी खोचायला भिंतीवर टांगायचे खिसे झाले. आमचे हे म्हणाले, "आता चूल तेवढी उघडी राहिली. तिलाही एक बंडी शिव."

शिवत होतो मी आणि माझी सून जायनागुल. आणि हे सगळं शिवत होतो, कारण जे शिवावंसं वाटत होतं ते शिवता येत नव्हतं. सुनेला दिवस गेले होते. आमच्यात बाळ जन्माला येईपर्यंत त्याच्या नावाने एक टाकाही घालत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, दुपट्यासाठी कापडसुद्धा फाडायचं नाही. बाळ आलं, रडलं, की मग सुई हातात घ्यायची. शहरातले लोक याला हसतात आणि आधीच दुकानातून गाठोडी आणून ठेवतात. त्यांचं त्यांना लखलाभ. जायनागुलची याआधी दोन बाळं पोटातच गेली होती, आणि पहिल्या खेपेला तिच्या बहिणीने हौसेने शहरातून पिवळी टोपडी पाठवली होती. टोपड्यांनी काही होत नसतं हे मलाही कळतं, मी काही एवढी अडाणी नाही. पण या खेपेला मी कशाचीच परीक्षा बघणार नव्हते.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला होता.

"पक्का घातलाय ना?" मी विचारलं. "माझ्याकडे चांगला मेणाचा दोरा आहे, हवा तर आणून देते."

"आजी, तुमचा दोरा तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणाली. "सुनेला जड उचलू देऊ नका, वाकू देऊ नका, पाय वर करून बसवा. बर्फ वितळायला लागेपर्यंत टिकलं तर आपण जिंकलो."

आता हिला बसवायचं म्हणजे काय, ते ज्याने जायनागुलला पाहिलंय त्यालाच कळेल. ही पोरगी लग्न होऊन आली त्या सकाळी माझ्याआधी उठून गायीखाली बसलेली होती.

"आई, निदान पीठ तरी मळते."

"हात लावून बघ पिठाला."

"बसून बसून पायाला मुंग्या आल्या हो."

"मुंग्यांना चहा दे. बैस."

शेवटी मी चिंध्यांचं गाठोडं तिच्या मांडीत टाकलं. त्यात माझ्या जुन्या मखमली बंडीचे तुकडे होते, सामातची, म्हणजे माझ्या मुलाची, शाळेतली विजार होती, पडदे होते. ती त्याचे त्रिकोण कापून गादीवर मांडायची, लाल शेजारी काळा, काळ्याशेजारी निळा, आणि तासन्‌तास नुसती बघत बसायची. तिचे टाके बारीक, डोळ्याला दिसू नयेत असे. माझे म्हणजे पोतं शिवल्यासारखे, पण सुटायचे नाहीत. बाहेर अशी थंडी की विहिरीवरून पाणी आणेस्तोवर बादलीवर बर्फाची साय धरायची. आत चुलीत गोवऱ्या धडधडायच्या, खारा चहा उकळायचा आणि आम्ही दोघी सासू-सुना कापडात लोकरीचा थर घालून टाके मारत बसायचो. बाळाचं नाव कुणी काढायचं नाही.

जो दारात येईल त्याच्या हातात मी एक जोडी कोंबत होते. शेजारीण काल्बुबू तर रोजच यायची.

"काय गं, दुकान काढतेस का?" ती म्हणाली. "माझ्याकडे तुतकुचच तुतकुच झालेत आणि कढई एकच. आता एक कढई पण शिवून दे."

"तोंड शिवून देते तुझं, ये जवळ."

काल्बुबूच्या जिभेला हाड नाही, सगळ्या गावाची खबर तिच्याकडे. पण सुनेच्या पोटाकडे तिची नजर गेली की तीसुद्धा गप्प होऊन चहात फुंकर मारायची. सगळी गल्लीच गप्प होती. मला ते गप्प बसणं टोचायचं. यांनी आशा सोडलीय असं वाटायचं आणि मनातल्या मनात मी एकेकीला शिव्या घालायचे.

ऐन थंडीत एका सकाळी सून न्हायला गेली होती. मी तिचं अंथरूण झटकत होते, तर उशीखालून काहीतरी पडलं. पांढरं मऊ फलालीन, आत लोकरीचा पातळ थर, माझ्या दोन पंजांएवढं. वर चुण्या घालून नाडी ओवलेली. आणि दोन्ही अंगांना एकेक भोक, त्याला बारीक लाल गोठ लावलेला. गळ्याला नाडी आणि हात बाहेर काढायला दोन भोकं. सातवा महिना चालला होता, आणि या पोरीने चोरून झबलं शिवलं होतं.

माझं तोंड किती चालतं हे गल्लीत कुणालाही विचारा. त्या दिवशी मात्र एक शब्द फुटला नाही. ओरडावं तर ती घाबरेल, आणि गप्प बसावं तर ती वस्तू घरात. जाळावी म्हटलं तर बाळाचं झबलं जाळणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही आणि मला पहिली व्हायचं नव्हतं. म्हटलं, उसवू. उसवलं की त्याचं पुन्हा नुसतं कापड होतं आणि कापडाचा काही दोष नसतो. गोठ्यात बादली पालथी घालून बसले आणि पात्याने एकेक टाका कापत गेले. बोटं बधिर झाली. काय सुबक शिवलं होतं मेलीने, रागही येत होता आणि कौतुकही वाटत होतं. सगळं सुटल्यावर तुकडे चिंध्यांच्या गाठोड्यात तळाशी दडपले आणि मी पोळ्या लाटायला बसले.

दुपारी जायनागुलने शोधाशोध सुरू केली. आधी उशी उचकटली, मग गादी. मी लाटत होते आणि मनात शब्द जुळवत होते, हिला सांगावं कसं. तेवढ्यात ही गुडघ्यावर बसून पेटीवरची रजयांची थप्पी ओढायला लागली, एकेक रजई मेंढीएवढ्या वजनाची.

"अगं ए, खाली ठेव ते."

"झालंच आई, एकच मिनिट."

आणि मग ती तशीच मागे टेकून बसली. हात पोटावर. चेहरा पार उतरला होता.

"दुखतंय?"

"थोडं. ताण बसला असेल."

"असं काय हरवलंय तुझं, जिवावर उदार होऊन शोधतेस ते?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्यासाठीच केलं होतं. वसंताच्या सणाला देणार होते. चहादाणीची टोपी. चहा गार झाला म्हणून रोज करवादता ना."

"कसली टोपी?"

"चहादाणीवर घालायची हो. एका भोकातून तोटी बाहेर, दुसऱ्यातून कान."

मी लाटणं खाली ठेवलं. मी म्हटलं, "ते मी उसवलं."

"का?"

"मला झबलं वाटलं."

मग तिला हसू फुटलं. "आई, असलं गोलमटोल झबलं? कुठल्या बाळाचं पोट एवढं असतं?"

"आपल्या घराण्यात असतं. सासऱ्याकडे बघ तुझ्या."

ती हसली, खूप हसली, मीही हसले, आणि हसता हसता ती एकदम कळवळली. मग आम्ही दोघीही हसायच्या थांबलो.

सामातने काल्बुबूच्या नवऱ्याला जीपसकट आणलं. मागच्या बाकावर सुनेला आडवी केली, रजयांत गुंडाळली. पुढे ते दोघे बसले, मला जागा उरली नाही. जीप पांढऱ्या रस्त्यावरून शहराच्या वाटेला लागली आणि मी फाटकात डोक्याला रुमाल न बांधता तशीच उभी राहिले. टोपड्यांनी काही होत नसतं, पण सासूच्या खुळेपणाने होतं की. मी नीट तोंड उघडून विचारलं असतं तर ती त्या रजयांना शिवलीही नसती. ह्यांनी मला दंडाला धरून आत आणलं. "चूल विझेल, गोवऱ्या घाल," एवढंच म्हणाले. बायकोला बोल लावायची अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती, तरी त्यांनी लावला नाही.

हातांना काहीतरी हवं होतं. गाठोड्याच्या तळातून मी ते तुकडे काढले आणि तिने जिथे जिथे सुई घातली होती त्याच भोकांतून पुन्हा शिवत गेले. अंधार पडायच्या आत फोन वाजला.

"आई," सामात म्हणाला, "टाका शाबूत आहे. बाळाचे ठोके घोडं दौडल्यासारखे चाललेत. पण आता तिला शेवटपर्यंत इथेच ठेवणार आहेत."

मी भुईवर बसले. आधी अल्लाचे आभार मानले, मग डॉक्टरीणबाईंच्या दोऱ्याचे. माझ्या मेणाच्या दोऱ्यापेक्षा तो पक्का निघाला याचा मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला.

पुढचे दिवस ती तिथे आणि मी इथे. मी एकटीच शिवत होते. पहिल्याच खेपेला सामातबरोबर ती चहादाणीची टोपी पाठवली, मग दर खेपेला लोणी, तळलेल्या पावाचे गोळे आणि तुतकुचांची पिशवी पाठवायचे. शेवटी तिचा फोन आला, "आई, अख्ख्या खोलीतल्या बायांना दोन-दोन मिळाले. नर्सबाईंनाही मिळाले. इथे कढईच नाही हो, आता पुरे करा."

"कढई पाठवू का?"

"नको. तुमची टोपी वापरतेय मी. चहा गरम राहतो."

छपरावरून बर्फाचं पाणी ठिबकायला लागलं तेव्हा कुठे माझ्या छातीतलं दडपण हललं. आणि अशाच एका सकाळी, मी दूध तापवत असताना, फोन वाजला. सामातच होता, पण त्याला बोलताच येईना. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्याने फोन कुठेतरी पुढे धरला आणि मला ते रडणं ऐकू आलं. चिडलेलं, खणखणीत, कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखं.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "सुयुंचू दे आई. चांगली बातमी फुकट नाही मिळायची."

"मेंढी देते, दोन देते. जायना?"

"चहा मागतेय."

त्यापुढे तो काय बोलला मला माहीत नाही, कारण फोन दुधाशेजारी टाकून मी धावले होते. पहिलं झबलं उदंड आयुष्य लाभलेल्या माणसाच्या अंगावरच्या कापडाचं करतात, आणि आमच्या गावात अनारकान आजींहून म्हातारं कुणी नाही. चिखल तुडवत त्यांच्या दारात गेले. आजींनी विचारलंही नाही. उशीखालून पांढराशुभ्र रुमाल काढला, धुतलेला, घडी घातलेला.

"थंडी पडली तेव्हाच धुवून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "रोज वाट बघतेय, ही बया कधी येते म्हणून. गल्लीतल्या सगळ्या बायका मला विचारतात, आजी, रुमाल ठेवलाय ना?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. गल्ली गप्प होती ती आशा सोडून नव्हे. त्यांनाही माझ्यासारखीच भीती वाटत होती.

घरी येऊन बसले, कापड कापलं, आणि सुईत दोरा ओवेना. अख्खा हिवाळा ज्या हातांनी शिवलं ते हात असे थरथरत होते की नेढं सापडेना. दोरा ओला केला, टोक पिळलं, पुन्हा तेच. मग ह्यांनी माझ्या हातातून सुई काढून घेतली. या माणसाने आयुष्यात बटणसुद्धा लावलेलं नाही. खिडकीशी जाऊन, एक डोळा मिटून, त्यांनी दोरा ओवला आणि मला आणून दिला. "हं, शिव आता," म्हणाले, आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

या झबल्याच्या कडा दुमडायच्या नसतात, नुसते सैल टाके घालायचे. माझ्यासारखीला बरं. झाल्यावर ते आधी कुत्र्याच्या गळ्यात घालायचं आणि मग बाळाला, म्हणजे जी काय इडापिडा असेल ती कुत्र्याबरोबर जाते. आमच्या कुत्र्याला हे कुणी समजावलं नव्हतं. तो अंगणभर पळाला, आमचे हे मोज्यांवरच त्याच्यामागे चिखलातून पळाले, दोनदा घसरले, आणि मी पायरीवर उभी राहून दोघांनाही शिव्या देत होते.

तेवढ्यात भिंतीवरून काल्बुबूचं डोकं वर आलं. तिने आमच्या ह्यांच्या हातातलं ते झबलं पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

"आलं?" ती म्हणाली.

"आलं."

"अगं, मग काय झालं? मुलगा की मुलगी?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते कुत्र्याला कवटाळून चिखलात बसले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

"रडतं," मी म्हणाले. "चांगलं मोठ्याने रडतं."