सुतकातला ट्रॅक्टर

यंत्रयुग मावळात अवतरलं ते लोखंडी चाकांच्या एका ट्रॅक्टरवर बसून, आणि त्या दिवसापासून इथल्या शेतीचा हजारो वर्षांचा इतिहास कायमचा बदलला. संध्याकाळपर्यंत तरी नक्कीच. संध्याकाळी ट्रॅक्टर भाताच्या खाचरात आसापर्यंत रुतला आणि इतिहास पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

तो आणला होता लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्या शेठने. चिखलातला ट्रॅक्टर बघून शेठना शेतीचाच कंटाळा आला. ‘जो काढील त्याचा,’ म्हणाले आणि मुंबईला निघून गेले. त्यांच्या मोटारीचे क्लीनर चाँदभाई यांनी डोंगरवाडीवरच्या कान्हूचे बैल जुंपून तो ओढून काढला, कामशेतला नेला आणि घरालगतच्या पत्र्याच्या शेडात उभा केला. त्यानंतर तो तिथून हलला नाही. बाजूच्या पुलीला पट्टा लावून चाँदभाई त्याच्यावर भाताची गिरणी चालवीत. रोज सकाळी हँडल मारायला कान्हू वाडीवरून उतरे. शेतीसाठी जन्माला आलेल्या त्या यंत्राने शेतात पाय ठेवला तो एकदाच.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती त्या वर्षी, ऐन सुगीच्या तोंडावर, चाँदभाई वारले. ट्रॅक्टर मुलाकडे आला. मुलगा निजाम लोणावळ्याच्या रेल्वे शेडात फिटर. वडिलांची माती झाल्यावर दोन-चार दिवसांनी त्याने पहिल्यांदा हँडल मारलं, तेव्हा इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मग रोज तेच. दोनदा खोकायचं, गप्प.

निजामही साधारण तसाच होता, फक्त खोकत नव्हता. कबरीवर माती देताना त्याच्या मनात आलं होतं की आपण घराची कडी लावली का. घरी येऊन पाहिलं, लावलेली होती. त्याला बरंही वाटलं नाही. हात धुताना पाणी गार आहे की कोमट, हे त्याला कळत नसे. भेटायला येणारे त्याच्या तोंडाकडे बघत, डोळ्यांत काही दिसतंय का ते तपासत, आणि चहा पिऊन जात.

मामा राजमहंमद यांचं बाजारात रॉकेलचं दुकान होतं. लढाईने लोखंडाला चांगले दिवस आले होते, तेव्हा मामांनी पुण्याचा एक भंगारवाला परस्पर ठरवून टाकला.

“शुक्रवारी नमाज झाली की त्याचा ट्रक येतो. तोवर चालू झाला तर तुझा. नाही झाला तर त्याचा.”

“बरं,” निजाम म्हणाला.

“बरं काय बरं? बापाची वस्तू आहे!”

“बरं.”

आई रोशनबी दारात होती. ती एवढंच म्हणाली, “गिरणी गेली तर ह्या घरात आवाज कसला राहील रे?” निजाम पाना घेऊन शेडात गेला.

लोणावळ्याच्या रेल्वे शेडात विजेची इंजिनं असतात, त्यामुळे तिथल्या फिटरला जगातला प्रत्येक रोग विजेचा वाटतो. निजामने आधी प्लग काढले, काजळी खरवडली, पुन्हा बसवले. दोनदा खोकलं, गप्प. मग प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोत करंट येतो का बघायला त्याने वायर हातात धरली आणि कान्हूला हँडल फिरवायला सांगितलं. झटका कोपरापर्यंत आला. अब्बा गेल्यापासून त्याला जाणवलेली ही पहिली गोष्ट. त्याने वायर पुन्हा धरली.

“आहे,” तो म्हणाला.

“मंग दुसऱ्यांदा कशाला धरली?” कान्हूने विचारलं.

“खात्री केली.”

करंट आहे म्हटल्यावर संशय तेलावर गेला.

“मामा, रॉकेलमध्ये पाणी आहे का?”

“माझ्या रॉकेलमध्ये? बाप गेलाय म्हणून सोडतो तुला! आणि तुझा ट्रॅक्टर सुरू होतो पेट्रोलवर. रॉकेल त्याला नंतर लागतं. पाणी असलं तरी त्याला अजून कळलेलं नाही!”

“म्हणजे आहे.”

“मी तसं म्हणालो का?”

चाँदभाईंची बहीण खतीजा फुफी सुपारी कातरत बसली होती. तिचं निदान वेगळं होतं. “तुमचे पाने-बिने ठेवा बाजूला. पोरगा मोकळा झाला की इंजिन मोकळं होईल. दोघांचं दुखणं एकच. रड रे निजाम, बाबा. थोडं तरी रड.”

निजामने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. जांभई आली.

गुरुवारी त्याने कार्ब्युरेटर खोलून गोणपाटावर मांडला. नळ्या फुंकल्या, जाळी धुतली, स्क्रू वाटीत ठेवले. कान्हू खांबाला टेकून बसला होता. या सगळ्या दिवसांत निजामने सांगितलं तेव्हा त्याने हँडल मारलं आणि एरवी तंबाखू मळली. कार्ब्युरेटर रॉकेलने धुताना मात्र तो उठला, डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं आणि हात जोडून उभा राहिला. निजामने बघितलं, पण त्या आठवड्यात सगळंच थोडं विचित्र होतं.

शुक्रवारी नमाजेहून परतताना निजामला वाटेतच ट्रक दिसला. शेडापाशी भंगारवाला उतरून ट्रॅक्टरभोवती फिरला, लोखंडी चाकावर टिचकी मारली आणि त्याच्या माणसांनी घण काढले. मामा म्हणाले, “शेवटचं एकदा बघ बाबा.”

कान्हूने हँडल मारलं. खोकलं. निजाम वाकलेला होता, हात इंजिनाच्या कुशीला. धुराड्याच्या बुडाशी, सांध्यातून, त्याच्या मनगटावर ऊन वाफ आली. वर धुराड्याच्या तोंडाशी मात्र काही नव्हतं.

“धूर वर जातच नाही,” तो सावकाश म्हणाला. “कान्हूआबा, धुराड्यात पाखराने घरटं केलंय का?”

“न्हाई,” कान्हू म्हणाला. “घरटं कुटलं? बोळा हाय त्यो.”

“कसला बोळा?”

“म्या घातलेला.”

घणवाले थांबले. मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“तुम्ही घातला?” निजामने विचारलं.

“व्हय. चाँदभाऊ गेलं त्या रोजी. आमच्या वाडीत धनी गेला की बैलाच्या घंटंत चिंध्या कोंबत्यात. सुतकात घंटा वाजू न्हाई. ह्याला घंटा न्हाई, मंग म्या हितं कोंबला. काठीनं लय खाली सारलाय.”

“अरे पण सांगायचं नाही?” मामा ओरडले. “आठवडाभर पोरगा इंजिन खोलतोय, तू बघत बसलास!”

“मला वाटलं, तुमच्यात अशीच रीत असंल,” कान्हू म्हणाला. “तुमच्यात मयताला न्हाऊ घालत्यात. म्हटलं, ह्याचंबी आतडं-बितडं काढून धुत असतील. मधी कसं बोलायचं? आन् बोळा काढायचा मान लेकाचा. म्या रोज वाट बगत हुतो, ह्यो कवा काढतोय.”

“हँडल तर मारत होतास!”

“सांगितलं तर मारनार न्हाई व्हय?”

निजाम मडगार्डावर चढला. वाकवलेली तार धुराड्यात घालून त्याने ओढलं. कापड यायला लागलं. हातभर आलं, दोन हात आलं, काळंकुट्ट, तेलकट, आणि संपेना. खाली सगळे वर बघत होते. शेवटचं टोक सुटलं तसा तो खाली उतरला आणि या वेळी त्याने हँडल स्वतः मारलं.

इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा खोकायचं सोडून चालायला लागलं. आठवड्याचा कोंडलेला धूर एकदम बाहेर पडला. पत्रा थरथरला. रोशनबी दारातून आत गेली, भिंतीला पाठ लावून बसली आणि डोळे मिटले.

भंगारवाल्याने घण ट्रकमध्ये टाकायला सांगितले. “चालती वस्तू मी घेत नाही,” तो मामांना म्हणाला. “तोडताना ओरडते.”

धुराने सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, मामांच्या, घणवाल्यांच्या, फुफीच्या. फुफीने आनंदाने निजामकडे बोट दाखवलं. “बघा! रडला!” निजामने गालाला हात लावून पाहिला. कोरडा होता. पण आवाज पायांतून वर येत होता, छातीपर्यंत येऊन थांबत होता. रोज सकाळी त्याला जागं करणारा आवाज. तो तसाच उभा राहिला, काळं कापड दोन्ही हातांत धरून.

बऱ्याच वेळाने कान्हू जवळ आला.

“निजामभाऊ.”

“काय, आबा?”

“त्ये माजं अर्धं मुंडासं हाय. कापड रेशनवर बी मिळंना झालंय. आमची कारभारीण सारजाबाई रोज इचारतीया कुटं गेलं म्हून. जरा साबनानं धुऊन देता का?”