मागणारी एकच, देणारा एकच

माझा भाऊ इसाक्की मरायला टेकला तो नेमका नदीचं बर्फ फुटायच्या दिवसांत. जन्मभर सगळं वेळेवर करणारा माणूस, पण मरणाची वेळ चुकला. हिवाळा असता तर पलीकडच्या काठावरचे आमचे प्रवचनकार नीवाकाका बर्फगाडीला घोडा जोडून गोठलेल्या नदीवरून सरळ दाराशी आले असते. उन्हाळा असता तर होडीनं आले असते. पण मे महिन्यात काही दिवस असे येतात, की बर्फावर पाय ठेवायची सोय नाही आणि पाण्यात होडी घालायची सोय नाही. पलीकडचा फिनलंड दिसतो, तिकडची कुत्री भुंकलेली ऐकू येतात, पण तिकडचा माणूस काही इकडे स्वीडनात येत नाही. आणि दादाला क्षमा ऐकायची होती ती नीवाकाकांच्याच तोंडून.

वहिनीचा निरोप आला तशी मी किरुनाहून निघून आले. तिथे खाणीच्या खानावळीत मी कामाला. ओठांना रंग लावते, केस कुरळे करून घेतलेत, शनिवारी सिनेमाला जाते. दादाच्या लेखी मी केव्हाच 'जगाची' झाले होते, म्हणजे वाया गेलेली. खोलीत पाऊल टाकलं तर उशीवरून मान न उचलता म्हणतो कसा, "आलीस? आधी तोंड धुऊन ये." श्वास पुरत नव्हता, पाय सुजून भोपळा झालेले, पण बहिणीच्या ओठांवरचा रंग तेवढा बरोबर दिसला! मी गेले आणि धुऊन आले. मरणाऱ्याशी काय भांडायचं?

आमच्या पंथाच्या लोकांत क्षमेची रीत आहे. मनावर पाप बसलं की ते दुसऱ्या श्रद्धावानाला सांगायचं. मग त्यानं गळ्यात हात टाकून म्हणायचं, "येशूच्या नावानं आणि रक्तानं तुझ्या पापांची क्षमा झाली, विश्वास ठेव." संपलं. पण शब्द जिवंत माणसाच्या तोंडून निघून जिवंत माणसाच्या कानात पडला पाहिजे. त्याला पाद्रीच लागतो असं नाही. बाई चालते, पोरही चालतं. नीवाकाका शेतकरीच, पण प्रवचन करायचे, आणि हे दर सभेत घसा फोडून सांगायचे. फक्त सांगणारा श्रद्धावान हवा. म्हणून माझ्यासारखीचा शब्द म्हणजे फुटकं मडकं, त्यात काही राहायचं नाही.

पण दादाच्या घरी मागणारी एकच आणि देणारा एकच. संध्याकाळचं स्तोत्र झालं की एडलावहिनी एप्रनला हात पुसत त्याच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहायची. "अहो, मला क्षमा आहे का?" तो चष्मा काढायचा, उठायचा, गळ्यात हात टाकून शब्द म्हणायचा, की ती मोकळी. त्यानं तिच्याकडे मागितलेली मी कधी पाहिली नाही. नवरा बायकोचं मस्तक, हे वाक्य त्या घरात मिठासारखं रोज लागायचं.

एकदा तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीला वीतभर रुंदीची लाल चौकड्यांची झालर लावली. आमच्यात तेव्हा खिडकीला पडदा म्हणजे गर्व. दादानं पाहिलं, म्हणाला, "काढ." तिनं लगेच काढली. संध्याकाळी क्षमा मागितली, तर हा पुस्तकाचं पान उलटून म्हणाला, "बघू." दुसऱ्या दिवशीही "बघू." रविवार येऊन गेला तरी "बघू." बिचारीच्या घशाखाली घास उतरेना. गाईच्या पोटाला कपाळ टेकून धार काढायची नि रडायची. मी तेव्हा त्याच घरात होते, अजून लग्नाची. म्हटलं, "वहिनी, शेजारणीकडे माग ना! तिचा शब्द काय कमअस्सल आहे?"

"असं कसं, वन्सं? मस्तकाला वळसा घालून कुठं जायचं?"

"मग त्या मस्तकाला म्हणावं, जरा आत काही आहे का बघ."

ती फसकन हसली, आणि आपण हसलो म्हणून लगेच घाबरली.

त्याच हिवाळ्यात त्यांचा एर्की गेला. चार वर्षांचं पोर, घसा बंद होत आला होता. डॉक्टर लांब, बर्फगाडीनं अख्ख्या दिवसाची वाट. वहिनीनं दारात उभं राहून विचारलं, "अहो, घोडा जोडता का?" दादानं तबेल्याकडे पाहिलं. "घोडा थकलाय. सकाळी बघू. देवाच्या हातात आहे." उजाडायच्या आत पोर गेलं. पुरून आल्यावर दादा तिला म्हणाला, "पडद्याची शिक्षा झाली." मी माझ्या कानांनी ऐकलं. तिनं मान खाली घातली. त्या दिवसापासून रोजच्या मागण्यात आणखी एक भर पडली, "अहो, त्या पडद्याची मला क्षमा आहे का?" आणि तो दर संध्याकाळी, मोठ्या मनानं, "आहे" म्हणायचा! माझं डोकं फिरायचं. पुढल्या वसंतात मी किरुनाला निघून गेले.

आणि आता तोच दादा नदीकडच्या खोलीत पडून दर तासाला विचारत होता, "नीवा आला का?"

वहिनी शाल घेऊन काठावर जायची, बघून यायची. "नाही हो. बर्फ चाललंय अजून."

ती गोठ्यात गेली तेव्हा मी खुर्ची त्याच्या पलंगाजवळ ओढली. "दादा, जे सांगायचंय ते वहिनीला सांग ना. तिच्याइतकी श्रद्धा तर तुझ्यातही नाही."

"तू यात पडू नकोस, सेल्मा."

"बरं, शेजारच्या लाउरीला बोलावू?"

"लाउरीला? त्याला मीच क्षमा सांगतो दर शनिवारी!"

"मग एका शनिवारी त्यानं तुला सांगितली तर आभाळ कोसळेल का?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. मी उठणार तेवढ्यात तो म्हणाला, "घोडा थकला नव्हता गं."

मी परत बसले.

"सोमवारी ओंडके ओढायचे होते. कंपनीला शब्द दिला होता. म्हटलं, रात्रभर पळवला तर घोडा कामाचा राहायचा नाही. म्हटलं, पोरांना घसा धरतोच. म्हटलं, सकाळी…" त्याला धाप लागली. डोळ्यांतून पाणी ओघळून कानांत जात होतं, पुसायला हात उचलत नव्हता. मी पुसलं.

"मला ठाऊक आहे, दादा. मी घरातच होते. हे वहिनीला सांग."

"कसं सांगू? इतकी वर्षं ती माझ्यापुढे उभी राहिली. मी आता तिच्यापुढे…" त्यानं भिंतीकडे तोंड केलं. "नीवाला सांगेन. नीवा येईल."

राग यावा की कीव, मला कळेना. दोन्ही आलं. तशीच गोठ्यात गेले. वहिनी बादलीशी बसली होती. म्हटलं, "वहिनी, त्याच्या मनावर दगड आहे. तो मागायचा नाही. तू आपण होऊन म्हण, गळ्यात हात टाक आणि म्हणून मोकळी हो."

"न मागता? मग मीच ठरवलं असं होईल ना, की त्यांच्या हातून काही घडलंय."

"घडलंच आहे! तो घोडा…" माझ्या तोंडून निसटलंच.

"थकला नव्हता," वहिनी म्हणाली. धारेचा आवाज क्षणभरही थांबला नाही. "माहीत आहे मला. त्या दिवशी घोड्याला चारा मीच घातला होता, वन्सं. चांगला तरतरीत होता."

मी मटकन खाली बसले, शेणातच. "अगं बाई! आणि तू रोज त्या मेल्या पडद्याची क्षमा मागत होतीस?"

"हो."

"कशासाठी?"

ती बादली बाजूला सरकवून म्हणाली, "मला वाटायचं, मी रोज मागते हे बघून कधीतरी त्यांनाही वाटेल, आपणही मागावी. मी तयार होते. त्यांनी नुसतं 'एडला, मला आहे का' म्हणायचा अवकाश. एका श्वासात दिली असती. अजूनही देईन. पण त्यांनी मागायला हवी, वन्सं. एकदा तरी. पूर्ण."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी तशाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीवाकाका पलीकडच्या काठावर दिसले. वहिनी काठावरून धावतच आली, शाल अर्धी जमिनीवर. "अहो, आले! होडी ओढत आणलीय काठापर्यंत. टोपी हलवतायत. जरा वाट झाली की येतील." दादा म्हणाला, मला बसवा. आम्ही दोघींनी त्याला उशांना टेकवून बसवला. खिडकीतून नदी दिसत होती. घराएवढाले बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत, कडाड् फुटत चालले होते, आणि त्यांच्या पलीकडे काळ्या कोटातला माणूस, अंगठ्याएवढा. दादानं खूप वेळ पाहिलं. तो नदीकाठी जन्मलेला. आज काही नदी वाट देणार नाही, हे त्याला आमच्याआधी कळलं असणार.

मग त्याचा श्वास अडकायला लागला. त्यानं चाचपडत वहिनीचा हात धरला.

"एडला."

"अहो."

"एडला, मला…"

तो खाली आणि ती वर, उभी. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "मला… आहे…"

रोज संध्याकाळी तिच्या तोंडी असलेलंच ते वाक्य, अर्धं. मला कळलं, तिलाही कळलं. तिचा चेहरा असा उजळला की तसा मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. ती वाकली, एक हात त्याच्या गळ्याजवळ नेला, आणि थांबली. "हो, सांगा," म्हणाली, अगदी हळू. "सांगा ना. मी ऐकतेय." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिनं आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं, तेव्हाही उघडलं नाही.

"म्हण!" मी ओरडले. "वहिनी, म्हण, म्हणून टाक!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तो गेला. तिचा हात त्याच्या गळ्यापाशी होता, टेकलेला नव्हता.

मग म्हणाली ती. त्याच्या कानाला तोंड लावून म्हणाली, पुन्हा म्हणाली, मोठ्यानं म्हणाली. येशूच्या नावानं आणि रक्तानं, विश्वास ठेवा, अहो, विश्वास ठेवा. मी तिला धरून बाजूला केलं तेव्हा तिचा आवाज बसला होता.

नदी मोकळी झाली तसे नीवाकाका आले. तोवर दादाला शवपेटीत ठेवला होता. वहिनीनं कॉफी केली, आमच्याकडच्या रीतीनं कपात चीजचे तुकडे घालून त्यांच्यापुढे ठेवली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घोड्याचंही सांगितलं, काही लपवलं नाही. म्हातारा ढसाढसा रडला. "एडला, अगं म्हणायचं होतंस! तुला अधिकार होता, पहिल्या दिवसापासून होता. मी दर सभेत सांगत नव्हतो का?"

"तुम्ही सांगत होतात, काका. ह्यांनी कधी सांगितलं नाही."

काका उठले. चांगला माणूस तो, त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिच्याजवळ गेले, हात पसरले. "ये, पोरी. हे मनावर घेऊन बसू नकोस. येशूच्या नावानं…"

वहिनी मागे सरली. "नको, काका."

"नको म्हणजे?"

"ह्यांना नाही मिळाली. मग मी घेऊन काय करू? हे तिकडे आणि मी वर, तुमच्याबरोबर गाणी म्हणत? नवरा जाईल तिथं बायकोनं जायचं, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

"एडला, त्याचा अर्थ असा नव्हे गं…"

"मला तर एकच अर्थ शिकवला होता," ती म्हणाली आणि रिकामा कप उचलून आत गेली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जगाची, मी काय सांगणार त्यांना? मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर तिनं कुणाकडेच क्षमा मागितली नाही. सभेला जायची, नेमानं. शेवटी सगळे उठून एकमेकांच्या गळ्यात पडतात, रडतात, क्षमा देतात-घेतात, तेव्हा ही बाकावर बसून राहायची. कुणी जवळ आलं की हसून मान हलवायची. बायका दबकत कुजबुजायच्या. दरवर्षी सुट्टीत मी जायचे, भांडायचे, शिव्याही द्यायचे. काही उपयोग झाला नाही.

एकदा चिडून सरळच विचारलं, "वहिनी, तुझा तर नरकावर विश्वास आहे. भीती नाही वाटत?"

ती बटाटे सोलत होती. "वाटते की. खूप वाटते," म्हणाली. "पण ते तिथं एकटे असतील ना, वन्सं. त्यांना साधी कॉफीसुद्धा करता येत नाही."