नांगर न लागलेली पट्टी

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. वर्गात गुरुजी एकदा म्हणाले, अडून उभ्या राहणाऱ्या जनावरासाठी इंग्रजीत 'बॉक' असा शब्द आहे. पण मुळात तो जनावराचा नव्हे, नांगरताना मध्ये सोडून दिलेल्या पट्टीचा. बाकीचे हसले. मी पाटी ठेवून बाहेर गेलो.

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं शेत सुलतानपूरला, नाल्याकाठी. मी कापसाची गाडी घेऊन खामगावला गेलो होतो, आणि इकडे आमची पाच महिन्यांची सुभद्रा तापानं गेली. थोरल्या भावानं, शेषरावदादानं, तिला एकट्यानंच नेऊन पुरलं. "नाल्याच्या वाळूत ठेवली," म्हणाला. पहिल्याच पुरात ती वाळू वाहून गेली. माझी बायको मनकर्णा दर अमावास्येला नाल्यावर जाऊन बसायची. "हात ठेवाले जागा बी नाही राह्यली माह्या पोरीची," म्हणायची.

शेतात कडुनिंबापाशी आला की दादा बैल थांबवायचा, नांगर उचलायचा आणि दोन हात जमीन सोडून पुढं टेकवायचा.

"काऊन सोडता, दादा?"

"खाली खडक हाय."

"दोन हाताचा खडक? तुमच्या डोक्यातलाच असन तो!"

नऊ वर्षं त्यानं हट्ट सोडला नाही.

माघात दादा गेला. चैत्रात नांगर मी धरला. कडुनिंबापाशी बैल थांबले. हाकललं, शेपट्या पिरगाळल्या, हलेनात. "मालकावर गेले बे तुमी!" म्हणत मी पराणीच्या टोकानं त्यांच्या पाठी फोडल्या. तेव्हा चालले. जमीन कडक होती, पण खडक नव्हता. फाळाला अडकून तांब्याच्या तारेतली काळ्या मण्यांची बारकी मनगटी वर आली.

मनकर्णा भाकर घेऊन आली होती. ते मणी तिनंच सुभद्रेसाठी ओवलेले. पोर गेली तेव्हा तिनं अन्न सोडलं होतं. जागा कळली असती तर ती तिथून उठली नसती. दादा म्हणूनच खोटं बोलला असावा.

ती रडली नाही. बैलांच्या पाठीवरचं रक्त तिनं पदरानं पुसलं.

"याइले माहीत होतं," म्हणाली. "मी नऊ वर्ष पाण्याले विचारत बसली."

मग नांगराच्या तासात बसून दोन्ही हातांनी उकरलेली माती परत जागेवर लोटू लागली. मी शेजारी वाकलो.

"तुमी नका हात लावू."

मी नांगर सोडून उभा राहिलो. तिची माती लोटून होईपर्यंत बैल जागचे हलले नाहीत.