गुरुजींची तारीख

कामकाजाच्या सलग नवव्या दिवशी बद्रीनाथ गायके दहाच्या ठोक्याला माझ्या टेबलासमोर येऊन बसला, तेव्हा मी त्याला चहा विचारला नाही. आधीचे आठ दिवस विचारला होता. पैठणहून पहिल्या एसटीनं यायचा, पिशवीतून तोच आधार, तेच पॅनकार्ड, तोच शाळा सोडल्याचा दाखला काढून ओळीत मांडायचा आणि एकच वाक्य बोलायचा.

"मॅडम, यादीतला माणूस म्या नाय."

ही यादी माझी. बँकेच्या विभागीय कार्यालयात माझं काम एवढंच, की धंद्याचं खातं उघडायला येईल त्याचं नाव काळ्या याद्यांशी ताडून बघायचं. त्यात निर्बंध घातलेले परदेशी व्यापारी असतात, शस्त्रांचे दलाल असतात, आणि लोकांच्या ठेवी घेऊन पळालेले आपल्याकडचेही असतात. नाव जुळलं की खातं अडतं. मग मी 'तीच व्यक्ती' किंवा 'वेगळी व्यक्ती' यांपैकी एक निवडायचं आणि खाली शेरा लिहायचा. तिसरा रकाना नाही.

बद्रीनाथ पैठणीचे खोके बनवतो, पुठ्ठ्याचे, आतून मखमल लावलेले. एका मोठ्या साडीदुकानानं त्याला वर्षभराचं काम देऊ केलं होतं, पण शुक्रवारपर्यंत धंद्याचं खातं दाखवलं तरच. या भरवशावर त्यानं गल्लीतल्या चार बायकांना कामाचा शब्द देऊन ठेवला होता. आणि त्या दिवशी बुधवार होता.

यादीत होता बद्रीनाथ कडुबा गायके, जन्म १ जून १९७९, 'सुखवर्षा' नावाच्या कंपनीचा संचालक. तीन जिल्ह्यांतल्या ठेवी गोळा करून ही कंपनी गुल झाली होती. आमच्या बद्रीनाथाचं नाव तेच, बापाचं नाव तेच, तारीखही तीच.

मुख्य कार्यालयातला सुयश एवढ्यावरच हादरतो. नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळली म्हणजे सापडला चोर, असं त्याला वाटतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय माहीत, की आमच्याकडे अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मलाय. आईला तारीख सांगता यायची नाही, गुरुजी रजिस्टरात एक जून टाकायचे आणि पोरगं पहिलीत बसायचं. सहा वर्षं मी हे सुयशला शिकवत आले. आता मी शेऱ्यात नुसतं 'गुरुजींची तारीख' लिहिलं तरी तो काही न विचारता पुढे पाठवतो. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

माझी एक खासगी परीक्षाही होती. एक जूनवाल्याला मी विचारायचे, खरा जन्म कधीचा? उसनं नाव घेऊन आलेला इथं गडबडतो, खऱ्याकडे गोष्ट असतेच. बद्रीनाथनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तो पोळ्याचा. आई लक्ष्मीबाई बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होती आणि तशीच, रंगलेल्या हातांनी, आत जाऊन आडवी झाली. माझं समाधान झालं होतं. तरी नियम म्हणून मी त्या कंपनीचे मूळ कागद मागवले, आणि सुयशनं न उघडताच माझ्याकडे सरकवलेले ते कागद बुधवारी सकाळी आले.

संचालकाच्या फोटोत बद्रीनाथ होता. केस काळे, गाल भरलेले, पण तोच. यादीत पॅन नंबर नसतो, कागदांवर होता, आणि तोही त्याचाच. सहीच्या शेवटी तीच लांबलचक शेपटी.

मला राग आला, आठ दिवसांच्या चहाचा. स्क्रीन त्याच्याकडे वळवून मी विचारलं, हा कोण?

तो खुर्ची पुढे ओढून स्क्रीनवर वाकला. मग म्हणाला, "हा तर म्याच हाय."

त्याला आठवायला वेळ लागला. सात-आठ वर्षांपूर्वी कुणी एक साहेब कुटीर उद्योगाची योजना घेऊन आले होते. त्यांनी फोटो काढला, कार्डांच्या नकला घेतल्या, चौदा ठिकाणी सह्या घेतल्या. कागद सगळे इंग्रजीत. योजना आली नाही, साहेब परत फिरकले नाहीत, आणि हा विसरून गेला. साहेबांचं नाव आठवेना. पण त्यांना गल्लीत आणणारा बन्सी अजून तिथंच पिठाची गिरणी चालवतो.

"म्या तर त्या कंपनीचं नावबी आज ऐकतोय, मॅडम," तो म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास बसला, आणि तीच पंचाईत झाली.

त्याला उद्या या म्हणून लावून दिलं. दुपारभर मी एक काम धड केलं नाही. दोनदा पाणी प्यायला उठले आणि न पिता परत आले. तीनदा 'वेगळी व्यक्ती'वर बाण नेला. नेहमीचा दोन शब्दांचा शेरा टाकला की शुक्रवारी त्याचं काम सुरू. कुणी फोटो उघडणार नव्हतं. आणि त्यात खोटं तरी काय होतं? लोकांना बुडवणारा माणूस खरंच वेगळा होता.

संध्याकाळी छावणी भागातल्या घरी माझा पाय थांबेना. "पाय हलवू नको, चहा सांडंल," वडील म्हणाले. माझे वडील संघपाल गुरुजी. तीस वर्षं पैठण तालुक्यातल्या शाळांत होते, म्हणजे एक जूनचं निम्मं पीक त्यांनीच पेरलेलं. त्यांना सगळं सांगितलं, वर टोमणाही मारला. तुम्ही शेकडो पोरांच्या तारखा खोट्या लिहिल्या, तुमचं काही बिघडलं नाही. मग मी एक शेरा लिहिला तर कुठं आभाळ कोसळतंय?

ते चिडले नाहीत, चष्मा पुसत राहिले.

"म्या खोटं लिहिलं ते पोरगं आत यावं म्हणून. त्यात दुसरं कुणी सुटत नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्या शेऱ्यानं बद्रीनाथ सुटंल. आन् ज्यानं सह्या घेतल्या, त्यो?"

मला त्यांचा फार राग आला, कारण ते बरोबर होते. कागदावर दोन बद्रीनाथ झाले की यादीतला बद्रीनाथ कायमचा फरार. बन्सीच्या गिरणीवर चौकशीला कुणी जाणार नाही. आणि एक गोष्ट मला रात्रीच्या जेवणातही गिळवेना. सहा वर्षांत 'गुरुजींची तारीख' लिहिताना मी किती जणांचे मूळ कागद उघडून बघितले होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाही.

गुरुवारी सकाळी मी 'तीच व्यक्ती' निवडलं आणि खाली चौदा सह्यांपासून बन्सीपर्यंत सगळा दीड पान शेरा लिहिला. सुयशचा फोन आला, मग नाकारून टाकू का म्हणून. नाकारू नको, अडवून ठेव, म्हटलं, आणि मी काय लिहिलंय ते या वेळी वाच.

दहाला बद्रीनाथ आला. मी जे केलं ते त्याला सरळ सांगितलं. शुक्रवारचं काम हातचं जाणार, हेही सांगितलं.

"म्हंजी चोर सोडून संन्याशाला सुळी," तो म्हणाला. "धा दिस झाले इथं येतोय. त्या चार बायांना आता काय सांगू?"

मी एवढंच म्हटलं, की चोर कुणी बघितला असेल तर तो तुम्ही आणि बन्सीनं. तुम्ही नाही नाही म्हणत राहिलात तर त्याला कुणीच शोधणार नाही. त्यानं कागद एकेक करून पिशवीत भरले आणि उठला. गेला हा, असं मला वाटलं. दारापाशी जाऊन तो थांबला.

"कुठं जायाचं?" त्यानं विचारलं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पोलीस आयुक्तालयापर्यंत आम्ही एकाच रिक्षानं गेलो. आर्थिक गुन्हे शाखेतल्या हवालदारानं नाव विचारलं, मग जन्मतारीख.

"कागदावर एक जून. खरी पोळ्याची," बद्रीनाथ म्हणाला.

"माझीबी एक जूनच," हवालदार मान वर न करता म्हणाला आणि लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही यांच्या कोण?

"यांचं खातं अडवलं ती मी."

त्याचा पेन थांबला. आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघून त्यानं भिंतीकडची एक खुर्ची माझ्यासाठी ओढली आणि पहिल्यापासून सांगा म्हणाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बद्रीनाथनं पिशवी उघडली. आधार, पॅनकार्ड, शाळेचा दाखला, सगळं टेबलावर ओळीत मांडलं.

"यादीतला माणूस म्याच हाय," तो म्हणाला.